सहा टोपणं

नवतपाचा चौथा दिवस. पेपरात सेहेचाळीस छापलंय,
पांढराबोडीच्या टिनाखाली किती, ते कोणी मोजत नाही.
कूलरची टाकी डाव्या कोपऱ्यातून गळते.
दोन उन्हाळे म्हणतोय, एम-सील लावतो,
दुर्पता म्हणते, राहू द्या.
त्या गळतीखाली तिनं रंगाची फुटकी बादली ठेवली,
भाजीतल्या उरलेल्या काड्या खोचल्या.
आता बादली दिसत नाही,
पुदिनाच दिसतो.

काल रात्री वांगी चिरता चिरता,
मान वर न करता तिनं विचारलं,
"तुम्ही तिथं करत काय होते हो, नेमकं?"

सिव्हिल लाइन्समधला क्लब. एकतीस वर्षं.
पांढरा कोट, काळा बो, तोही क्लिपचा.
साहेब लोकांचे चेहरे विसरलो, हात आठवतात:
कोणाची अंगठी मांसात रुतलेली,
कोण पहिल्या पेल्याला थरथरायचा
आणि तिसऱ्याला स्थिर व्हायचा.
मी स्ट्रॉच्या टोकानं थेंब चाखायचो, थुंकून मोकळा.
घरी सांगायचं काय?
ड्यूटी होती, एवढंच.

म्हणून आज.
बाटली सदरहून आणली, पेपरात गुंडाळून.
दुकानदार ओळखीचा, तरी दोनदा वळून पाहिलं.
शेकर कुठला?
मग फळीवरून तो डबा काढला,
दोन चिमट्यांचा, घट्ट झाकणाचा,
ज्यातून तिची भाकर अन् ठेचा
सायकलवर माझ्यासोबत यायचे, क्लबच्या मागच्या दारानं.
राखेनं घासला, लिंबाच्या सालीनं घासला.
लोणच्याचा वास थोडा राहिलाच.

मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण, आत दहाची खूण.
सहा टोपणं जिन.
तीन टोपणं लिंबाचा रस
(गोकुळपेठेत एकेक लिंबू दहा रुपयाला, पिळताना जीव तुटतो).
दोन टोपणं साखरेचा पाक,
पार गार झालेला. कोमट चालत नाही.

"आता पुदिना," म्हणत तिनं खलबत्ता उचलला.
कुटायचा नाही, दुर्पते.
कुटला की कडू होतो, चटणी होते,
दातात अडकतो अन् पेला परत येतो.
आठ-दहा पानं तळहातावर घे,
एक टाळी दे.
तिनं आरतीतल्यासारखी दिली.
हळू. झोपलेल्याला उठवायचं आहे, मारायचं नाही.
दुसऱ्यांदा जमलं.
तिनं तळवे नाकाशी नेले
आणि बराच वेळ तिथंच राहू दिले.

बर्फ पंच्यात बांधून लाटण्यानं फोडला.
सगळं डब्यात, चिमटे लावले,
खांद्याच्या वर नेऊन हलवला.
खांदा आता माझा नाही, डॉक्टरचा आहे,
पण ताल विसरला नव्हता.
डबा पांढरा पडला, बोटं चिकटू लागली.
भिंतीवरून भाऊरावचा पोरगा डोकावला,
"नत्थूजी, काय वाजवून राहिले?"
"औषध."

चहाच्या गाळणीतून स्टीलच्या ग्लासात ओतलं,
वर एक शेंडा ठेवला.
ग्लासाला घाम फुटला.
आम्हाला तो सकाळपासूनच होता.

तिनं घोट घेतला.
मी एक पाऊल मागे, हातावर पंचा,
कधी उभा राहिलो, माझं मलाच कळलं नाही.

"सरबतच तर आहे."
मग दुसरा घोट. गळ्याला हात लावला.
"नाही. मागून येते."
मग ग्लासात पाहत,
"येवढ्यासाठी तुम्ही रात्री दोनले घरी येत होते?"
हो.
"अन् कोणी बसा म्हटलं नाही?"
उभ्याचीच ड्यूटी होती.

तेवढ्यात लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला,
बादलीत थेंब पडत राहिले, पानांवरून, सावकाश.
तिनं पायानं प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे ढकलली
आणि अंधारात डबा चाचपून घेतला.

"टोपणं मोजून सांगा," म्हणाली,
"हलवते मी."